कोरडी उडवी

माझ्या हातून आयुष्यात मूर्खपणा पुष्कळ झाला. पण बैलाचं जेवण उचलून जमिनीच्या पानात वाढायचा मूर्खपणा मी एकदाच केला, आणि तोही इतक्या थाटात की गावातल्या बायका कामं सोडून बांधावर उभ्या राहून बघत होत्या. घरापुढे पेंढ्याच्या दोन उडव्या रचलेल्या होत्या. एक कोरडी, सोन्यासारखी. दुसरी ओली, आंबूस वासाची. जमिनीला कुजकं चालतं, बैलाला चालत नाही, एवढी अक्कल शेंबड्या पोराला असते. मी सातवी पास होते. मी कोरडी गाडली.

पौष सरत आला की वालाच्या शेंगा भरतात आणि आमच्या मागच्या वाडीत पोपटी लागते. नातवंडं मडक्याला आतून भांबुर्डीचा पाला लावतात, शेंगा भरतात, वरून पुन्हा पाल्याचं बूच मारतात आणि मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा पेटवतात. मला खुर्ची टाकून देतात. कुठेही टाकली तरी धूर माझ्याकडेच येतो. डोळे पुसले की सून म्हणते, आत चला, धुराचा त्रास होतोय. मी म्हणते, होतोय खरा. दोघींचं समाधान होतं.

यंदा थोरला नातू पेंढ्याचे कवळ्यांवर कवळे आगीत टाकत सुटला होता. जरा हात राखून वापर म्हटलं, तर म्हणाला, आजी, पेंढा हल्ली फुकटसुद्धा कोणी नेत नाही. खरंच आहे. गावात आता दावणीपेक्षा मोटारसायकली जास्त. कापणी झाली की लोक पेंढा शेतातच पेटवून देतात आणि संध्याकाळी सगळ्या खाचरांवरून तो निळा धूर खाडीकडे सरकत राहतो. मी पडवीत बसून बघते. कुणाच्या तरी तोंडचा घास जळतोय असं वाटत राहतं, आणि त्या तोंडाला दोन शिंगं असतात.

तेव्हा स्वातंत्र्य येऊन काही वर्षं झाली होती आणि सरकार शेतापर्यंत चालत यायला लागलं होतं. आमच्याकडे ते ग्रामसेवकाच्या रूपाने सायकलवरून आलं. त्याच्याबरोबर जपानी पद्धतीची भातलावणी आली, दोरी धरून सरळ ओळीत. आणि गोणीतून सल्फेट खत आलं. पांढरं, दाणेदार, ओल्या हाताला थंड लागणारं. एका म्हातारीने साखर समजून चाखलं आणि दिवसभर थुंकत बसली. ती म्हातारी म्हणजे माझी सासू. तिच्यापुढे हसायची सोय नव्हती, म्हणून मी गोठ्यात जाऊन पोवळ्याच्या गळ्यात पडून हसले.

पोवळ्या हा आमचा म्हातारा बैल. पोवळ्याच्या रंगाचा, एक शिंग जरा खाली झुकलेलं, त्यामुळे सारखा काहीतरी विचारतोय असा दिसायचा. त्याचा जोडीदार ढवळ्या, तरणा आणि मठ्ठ. पोवळ्याला मामंजींनी खाडीपलीकडून, आपल्या बहिणीच्या गावातून, वासरू असताना होडीत घालून आणलं होतं. माझे सासरे बोलायला महाग माणूस. माणसांशी जेमतेम, बैलाशी मात्र कुजबुजत असायचे. मी नवी नवरी असताना मला वाटायचं, हे देवाचं काही म्हणतात. एकदा कान देऊन ऐकलं तर शेजाऱ्याच्या बांधाची तक्रार चालली होती.

आमचे हे मुंबईला गोदीत. गणपतीला आणि शिमग्याला रेवसच्या धक्क्यावर लाँचमधून उतरायचे, की चार दिवस घर भरल्यासारखं. बाकी वर्षभर मी, सासूबाई, मामंजी आणि दोन बैल. त्यात मी एकटीच शिकलेली. अंगाने पाप्याचं पितर, पण तोऱ्यात कलेक्टरीण. ग्रामसेवक पडवीत बसून बोलायचा तेव्हा मी दाराआडून ऐकायची आणि तो गेल्यावर सासूबाईंना त्याच्यापेक्षा जास्त समजावून सांगायची. त्या विळीवरून मान वर न करता म्हणायच्या, "बोल, बोल. भात ऐकतंय."

त्या पावसाळ्यात माझ्या हट्टाने दारापुढच्या खाचरात सल्फेट पडलं. भात असं माजलं की काय सांगू. काळंशार, कमरेच्या वर. येणारा-जाणारा थांबून बघे आणि मी उगाच अंगणात दोनदोनदा झाडू मारत राही. मग भाद्रपद संपता संपता वाऱ्यापावसाने एक झोड दिली आणि माझं ते उंच भात जे लोळलं, ते उठलंच नाही. बाकीच्या खाचरांतलं, बिनखताचं, बुटकं, उभंच्या उभं. दाणा हाती लागला म्हणायचा, पण लोळलेल्या भाताचा पेंढा चिखलात भिजून काळवंडला होता. तरी तो इतका झाला, इतका झाला की खळ्यावर झोडणी आटोपल्यावर आमच्या दारात एकाच्या जागी दोन उडव्या उभ्या राहिल्या. एक जुन्या पद्धतीच्या भाताची, कोरडी. एक माझ्या पराक्रमाची, ओली.

उडवी म्हणजे नुसती पेंढ्याची रास नव्हे. चैत्र लागला की आमच्याकडे जमीन विस्तवासारखी होते, बांधावर गवताची काडी राहत नाही. तिथून पाऊस पडून पुन्हा हिरवं दिसेपर्यंत बैल जगतात ते उडवीवर. घरात माणसांचं भात किती ते सासूबाईंना ठाऊक, पण उडवीत बैलांचे दिवस किती उरले ते मामंजी नुसत्या नजरेने सांगत.

ग्रामसेवक म्हणाला होता, पेंढा जमिनीतून येतो, त्यातला थोडा जमिनीला परत द्या, जमीन भुसभुशीत राहते. ते खरं होतं, आजही खरं आहे. खराब झालेला पेंढा घ्या, शेणाबरोबर खड्ड्यात कुजवा, वर्षाने काढा, असंही तो म्हणाला होता. तेही मी नीट ऐकलं होतं. पण वर्षभर थांबतो कोण? शिमग्याला हे येणार होते. त्यांना बांधावर उभं करून दाखवायचं होतं की बघा, तुमच्या मागे मी काय केलंय. भातानंतर त्याच ओलीवर आम्ही वाल पेरतो. पाणी द्यावं लागत नाही, पहाटेच्या दंवावर वाल वाढतो. त्या वालाच्या आधीच पेंढा बारीक करून नांगरटीत गाडायचा, असा बेत मी परस्पर केला. मामंजी तेव्हा डोळे दाखवायला मुंबईला ह्यांच्याकडे निघाले होते. ते पायात वहाण घालत असताना मी त्यांना विचारलं, एक उडवी जमिनीला देऊ का. ते म्हणाले, "दे. दोन हायत." माझ्यावर विश्वास टाकणाऱ्या माणसाने निदान वळून तरी बघायचं होतं.

आता कोरडीच का, ते सांगते. ओली उडवी उपसायला गेले तर आतून वाफ आली, अंगाला खाज सुटली. ओला पेंढा कोयत्याखाली नुसता वाकतो, तुटत नाही. हात भरून आले. कोरडा कसा, कोयता ठेवला की कुरकुर तुटतो, आवाजही छान येतो. एवढंच कारण. पुढे मी याला पुष्कळ शहाणी कारणं जोडली, पण खरं कारण खाज. मजुरीच्या दोन बायका आणि शेजारचा नांगर घेऊन मी ती सोन्यासारखी उडवी खाचरात पसरली. सासूबाई उंबऱ्यात उभ्या राहून गावाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "शिकल्याली सून केली. आता जमिनीला जेवू घालते, उद्या विहिरीला आंघोळ घालंल." बांधावरच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मी त्यांना अडाणी समजले. पोवळ्या गोठ्याच्या दारातून मान काढून बघत होता, एक शिंग खाली, काहीतरी विचारत असल्यासारखा.

मामंजी परतले ते डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून. एक डोळा उघडा होता. अंगणात आल्यावर पाणीसुद्धा न मागता ते कोरड्या उडवीच्या जागी गेले. तिथे नुसता गोल डाग उरला होता, पिवळा. त्याच्याभोवती एक फेरी मारली. मग ओल्या उडवीत खांद्यापर्यंत हात घातला, थोडा वेळ तसाच ठेवला, बाहेर काढला आणि तळवा नाकाशी नेला. मी पाण्याचा तांब्या धरून उभी. आता बोलतील, आता बोलतील. ते हात धुऊन पाणी प्यायले आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून ओला पेंढा अंगणात उन्हाला पसरायला लागले. त्यातला थोडा वाचला. बाकीच्यावर राखाडी बुरशी होती. तो ढवळ्यानेही तोंडात धरून टाकून दिला, आणि ढवळ्या म्हणजे सासूबाईंचं लुगडं खाल्लेला बैल.

वाल उगवला आणि पिवळा पडला. शेजारच्या खाचरातला हिरवा, माझा हळद लागल्यासारखा. कच्चा पेंढा मातीत कुजताना जमिनीचं बळ आपणच ओढून घेतो, पिकाला काही उरत नाही, हे मला फार पुढे मुलाच्या शेतकीच्या पुस्तकात वाचायला मिळालं. तेव्हा एवढंच दिसत होतं की रोज पहाटे दंवाने भिजलेलं माझं खाचर आदल्या दिवसापेक्षा जास्त आजारी आहे. मग मी काय करावं? गोणीच्या तळाशी उरलेलं सल्फेट काढलं आणि वालाला टाकलं. दोन घागरी पाणीही शिंपलं. एक मूर्खपणा झाकायला दुसरा आणावा लागतो, आणि दुसरा नेहमी अंगाने थोराड असतो.

वाल उठला. असा उठला, असा पसरला की बांध दिसेना. पानं तळहाताएवढी, वेल गुडघ्याला अडकणारे. आणि शेंग? शेंग नाही. फुलं आली ती चार, तीही गळाली. वाल आपल्या मुळांच्या गाठींत आपलं खत आपण तयार करतो, त्याला आयतं वाढलं की तो नुसता अंगाने सुटतो, हेही त्याच पुस्तकात होतं. ते पुस्तक वाचताना मला त्या वालाचा राग आला नाही. त्याच्यासारखीच मी. माहेरी लाडात वाढलेली, पानंच पानं.

शिमग्याला हे आले. बांधावर उभे राहिले. मी मुद्दामच घरात काहीतरी शोधत राहिले. त्या वर्षी आमच्या घरी पोपटी लागली नाही, वालाचं बिरडंसुद्धा शेजारून आलं. हे परत निघाले तेव्हा एवढंच म्हणाले की मुंबईत कोणाला सांगत नाही. मला ते लागलं. मामंजींनी सगळा वेल कापून बैलांना घातला. पोवळ्याने महिनाभर चंगळ केली. त्याची कातडी चकाकायला लागली. मी त्याच्याकडे बघून स्वतःची समजूत घालायची, बघ, वाया काही गेलं नाही.

चैत्रात उडवीची जागा ओकीबोकी झाली.

उन्हाळा तसा दरवर्षी येतो, पण त्या वर्षीचा मला आवाजासकट आठवतो. दुपारी गोठ्यातून बैलाचं नुसतं रवंथ करणं ऐकू यायचं, तोंडात काही नसताना. सासूबाईंनी टोमणे मारणं बंद केलं होतं, आणि तेच जास्त जड होतं. त्या आमच्या पेजेत पाणी वाढवून वरची निवळ बैलांपुढे ठेवत. मी उन्हातून डोंगराकडे जाऊन झाडपाला आणायची. पोवळ्या तो खायचा, पण माझं मन राखायला खातोय असं वाटायचं. बरगड्या दिसायला लागल्या. गावात सगळ्यांच्या उडव्या निम्म्यावर आलेल्या, कोण कोणाला देणार?

मग मामंजींनी ठरवलं. जो थोडाफार पेंढा वाचला होता तो एकाच बैलाला पुरणार होता. ढवळ्याला पुढची वर्षं ओढायची होती. पोवळ्याला खाडीपलीकडे, त्यांच्या बहिणीकडे ठेवायचं. तिच्याकडे खाडीला बांध घालून केलेली खारीची जमीन, पेंढा भरपूर. त्याच गावात तो जन्मला होता, रमेल. पाऊस पडून गवत झालं की परत आणायचा. बेत चांगला होता. मामंजी स्वतः त्याला होडीतून सोडून आले. संध्याकाळी गोठ्यात ढवळ्या रिकाम्या जागेकडे तोंड करून उभा होता. मामंजी त्याच्याशी काही कुजबुजले नाहीत.

आठवडा झाला असेल. उन्हं उतरली होती, मी अंगणात शेणी उचलत होते. फाटकापाशी काहीतरी काळं उभं. मी घाबरले. पोवळ्या होता. छातीपर्यंत खाडीचा चिखल, वाळून भेगा पडलेला. ओहोटी साधून, गाळातून, पोटापर्यंत पाण्यातून तो घरी चालत आला होता. एक शिंग खाली करून माझ्याकडे बघत होता. मला जो आनंद झाला तो सांगण्यासारखा नाही. मी ओरडून मामंजींना बोलावलं. ते आले, त्याच्या मानेवर हात ठेवला, आणि मग सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं की त्याच्यापुढे टाकायला घरात काही नाही. ढवळ्याचा दिवसाचा वाटा संपलेला. मामंजींनी गोठ्याच्या शाकाराला हात घातला. छपरावरचा जुना, धुराने काळा झालेला पेंढा त्यांनी उपसला, झटकला, आणि एकेक मूठ त्याच्या तोंडाशी धरली. त्याने हुंगला. एक-दोन काड्या घेतल्या. मग मान फिरवली आणि मामंजींच्या दंडावर डोकं घासत राहिला.

सकाळी ते त्याला पुन्हा सोडून आले. निघताना तो अडला. मामंजींनी त्याला कधी मारलं नव्हतं, त्या दिवशी शेपटी पिरगाळली. मी पडवीतून पाहिलं.

अमावास्येचं उधाण होतं तेव्हाची गोष्ट. मृग अजून लागायचा होता. खाडीकाठची हिराबाय कोळीण सुक्या जवळ्याची पाटी घेऊन दारात आली. पाटी खाली न ठेवताच सासूबाईंना म्हणाली, "तुमचा तांबडा बैल व्हता ना? खाडीच्या चिकलात रुतला व्हता. आमच्या पोरांनी बगितला, पन भरती लागली व्हती, बाय. तोंड तुमच्याच घराच्या अंगाला व्हतं." सासूबाईंनी तिला बसायला पाट दिला. मी आत गेले आणि चुलीपुढे बसून राहिले. चूल पेटवायची का नाही तेच कळेना. घरात कोणी मला काही बोललं नाही. बोलले असते तर भांडता आलं असतं, माझ्याकडे कारणं तयार होती.

त्या वर्षी आमची नांगरणी दुसऱ्याच्या बैलाच्या सवडीने झाली. ढवळ्याला नवा जोडीदार मिळाला तो पुढच्या दिवाळीनंतर. मामंजी त्याच्याशीही बोलत, पण मोठ्याने. नीट चाल, इकडे ये, एवढंच. कुजबूज बंद झाली.

जमिनीचं मात्र वेगळं. एक पीक गेलं, दुसरं आलं. माझं ते खाचर हळूहळू रंग बदलत गेलं. पाऊस पडला की इतर खाचरांतून पाणी वरच्यावर निघून जायचं, ह्यात ते मुरायचं. नांगराच्या फाळाला ढेकळं लागेनाशी झाली. गांडुळं दिसायला लागली. दोन-तीन वर्षांनी त्यात बिनसल्फेटचं भात झालं ते ताठ, भरलेलं. आणि त्यानंतरचा वाल, काय सांगू, वेल बेताचा आणि शेंगांचे घोसच्या घोस. गावातले लोक पुन्हा बांधावर उभे राहून बघायला लागले. बायका विचारत, काय घातलंस गं? आणि मी? मी एवढं सगळं होऊनही शहाणी झालेली नव्हते. मला वाटलं, चला, हिशेब मिटला. गाडलेला पेंढा उगवून आला. आता म्हाताऱ्याला दाखवावं.

मामंजींची नजर तोवर फार अधू झाली होती, डोकं मात्र लख्ख. कोणत्या खाचरात कुठल्या वर्षी काय पेरलं ते न चुकता सांगायचे. मी त्यांना हाताला धरून पहाटे खाचरावर नेलं. दंव पडलेलं होतं. पाय गार पडत होते. बांधावर त्यांना बसवून मी त्यांच्या ओंजळीत शेंगा ठेवल्या, भरलेल्या, टणक. म्हटलं, मामंजी, हे त्याच खाचरातलं. माझ्या पेंढ्याचं. आवाजात केवढा तो तोरा. आज आठवला की त्या पोरीच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो.

त्यांनी शेंगा चाचपल्या. चांगल्या आहेत असं मान हलवून सांगितलं. मग वाकून मूठभर माती उचलली, चुरली, आणि तळवा नाकाशी नेला. अगदी तसाच, उडवीतून हात काढल्यावर नेला होता तसा. मी वाट बघत उभी होते. आता म्हणतील, सूनबाय, तुझंच खरं झालं.

खाडीवरून वारा येत होता. त्यांनी तिकडे तोंड केलं. माती खाली टाकली, हात धोतराला पुसला आणि म्हणाले,

"औंदा कापनी झाली की थोडा कोरडा पेंढा हितं बांधावर ठेवत जा, सूनबाय. पोवळ्या आला तर मागल्यासारा उपाशी नको जाया."